बेडीचं कुलूप आणि माझा अंगठा

या अंकासाठी कविता मागितली होती. कविता नाही. पेन धरला की अंगठ्याच्या मुळाशी अजून मुंग्या येतात, आणि मुंग्या येताना कविता लिहिली तर ती मुंग्यांचीच होते. म्हणून हा इतिहास घ्या. इतिहास म्हटल्यावर दचकू नका. मी नववी नापास, इतिहासात तर हमखास नापास. पण ज्या वस्तूनं आपल्याला धरलं त्या वस्तूचा बाप कोण, आजा कोण, हे विचारायला मॅट्रिक लागत नाही.

गेल्या एप्रिलात मी इचलकरंजीहून रजा काढून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी आलो होतो, जयंतीला. मिरवणुकीच्या कमानीचा खांब कुठं रोवायचा एवढ्यावरून तंटा झाला. दगड कुणी आधी उचलला ते गावाला माहीत आहे, कागदावर मात्र आमची चार नावं चढली. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून कोर्टात न्यायचं होतं. शिपायानं एक बेडी काढली, माझा उजवा हात आणि चुलतभावाचा डावा हात एकत्र धरला आणि दाबलं. कर्र, कर्र, कर्र.

भीती वाटायला पाहिजे होती. पण खरं सांगतो, मला पहिल्यांदा वाटलं, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे.

मी मागावर काम करतो. विणलेलं कापड रोळावर गुंडाळलं जातं. त्या रोळाला एक दातेरी चक्र असतं, आणि त्या चक्राच्या दातात अडकलेला एक लोखंडी खटका. फणी मागंपुढं झाली की चक्र दाता-दातानं पुढं सरकतं. मागं येऊ बघितलं तर खटका अडवतो. आमच्या खात्यात एक उत्तरेकडचा फिटर आहे, वयस्कर, तो त्या खटक्याला कुत्ता म्हणतो. मी विचारलं, चाचा, कुत्ता का? तर म्हणाला, हमारे यहाँ रहट पर भी यही होता है, बेटा, भरी बाल्टी उलटी न घूमे इसलिए कुत्ता बैठाते हैं. रहाटगाडग्यावर पाणी राखणारा कुत्रा, मागावर कापड राखणारा कुत्रा, आणि माझ्या मनगटावर मला राखणारा कुत्रा. जात एकच.

फरक एवढाच. मागावर आडवा धागा तुटला, कापडात खोट आली, तर मी बोटानं खटका उचलतो आणि कापड चार दात मागं घेतो. तो अधिकार माझा. बेडीतल्या खटक्याला बोट लागत नाही. तो दोन पत्र्यांच्या पोटात बसवलेला असतो आणि त्याला उचलायची किल्ली दुसऱ्याच्या पट्ट्याला लटकते. सगळा बेडीचा इतिहास म्हंजे हा खटका आणखी आत कसा लपवायचा, याचाच इतिहास आहे.

गाडी घाटात वळायला लागली. आम्ही चौघे मागं. वळणावर अंग कलंडलं, माझा हात भावाच्या मांडीखाली दबला, कर्र. एक दात. पुढच्या खड्ड्याला आणखी एक. मी म्हणालो, हवालदार, जरा सैल करा. ते म्हणाले, हलू नकोस म्हंजे आवळणार नाही. आता कोकणातल्या रस्त्यावर न हलता बसायचं ते कसं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. कोर्ट येईपर्यंत पाच-सहा दात गेले. हाताची पाठ निळी पडली.

परत कामावर आलो तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला स्पर्शच नाही. बोटं हलतात, पण धागा लागत नाही. तुटलेला धागा सांधायची गाठ आम्ही न बघता मारतो, बोटांना दिसतं म्हणून. बोटं आंधळी झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं मनगटाच्या हाडावर अंगठ्याकडच्या बाजूला टिचकी मारून दाखवलं. म्हणाल्या, इथं शिर कातडीच्या अगदी खाली असते, घट्ट घड्याळानंसुद्धा दबते, बेडीनं तर दबतेच, येईल हळूहळू. अडीच महिने लागले आणि अजून पुरतं आलेलं नाही. त्या अडीच महिन्यांत दोन माग कमी सांभाळले, म्हंजे पगार कमी. त्या अडीच महिन्यांतच मी हे सगळं वाचलं. वाचनालयात, मोबाइलवर, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

पहिली गोष्ट आपल्याच भाषेत सापडली. आपण म्हणतो, बेड्या ठोकल्या. ठोकल्या का? आजची बेडी तर दाबतात. याचं कारण जुनी बेडी खरोखर ठोकायचे. तिला कुलूपच नव्हतं. कडं पायात घालायचं, दोन टोकं जुळवायची, भोकातून लोखंडी खिळा घालायचा आणि लोहारानं ऐरणीवर ठोकून त्याचं डोकं चपटं करायचं. किल्लीच नाही तर किल्लीची चोरी कुठली? ज्याला आज छेडछाड न होणारं कुलूप म्हणतात त्याचा पहिला नमुना हाच: कुलूपच नको. अंदमानातली दंडाबेडी याच जातीची. पायातली कडी आणि त्यांना जोडणारे लोखंडी दांडे, गुडघा नीट वाकू नये म्हणून. ती काढायलाही छिन्नी लागायची.

त्याच्याही आधीचा आपला खोडा. दोन लाकडी ओंडके, मध्ये पायापुरती भोकं, वरून आडणा. आज कामात कुणी खोडा घातला असं आपण सहज बोलतो, पण खोड्यात कुणाचा पाय होता हे विसरतो. आजा सांगायचा, खोताच्या वाड्याच्या पडवीत त्याच्या लहानपणी एक ओंडका पडून होता, भोकांचा. पोरं त्यावर बसायची. त्याचा बापूस मात्र त्या ओंडक्यावर कधी बसला नाही.

आता कुणी म्हणेल, हे खेड्यातलं, आडाणी. तर ऐका. मद्रास इलाख्यात कंपनी सरकारनं १८१६ साली ११ नंबरचं रेग्युलेशन केलं. गावच्या मुखियाला किरकोळ गुन्ह्यासाठी माणसाला खोड्यात घालायचा अधिकार दिला. कुणाला घालायचं? तर खालच्या जातींतल्या, म्हंजे ज्यांना अशी हलकी शिक्षा देणं अयोग्य ठरणार नाही, अशांना. छापील कायदा आहे, दोस्तांनो. मनूचा नाही, साहेबाचा. लाकडाच्या भोकालासुद्धा जात कळत होती.

आणि आपल्या इलाख्यात आपली माणसं त्या वेळी कुठं होती? वेशीवर. चोराचा माग काढायला महार, पकडलेला चोर तालुक्याला पोचवायला महार, सरकारचा खजिना वाहायला महार. रात्रभर पावसात कैद्याबरोबर चालायचं आणि सकाळी कचेरीच्या पायरीखाली उभं राहायचं. ही राबणूक ज्या १८७४ च्या वतन कायद्यानं बांधून ठेवली होती त्यात बदल करायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. तो कायदाही एक दातेरी चक्रच होतं. जमिनीचा तुकडा दाखवून पुढं ढकलायचं, मागं येऊ द्यायचं नाही.

आता लोखंडाच्या मुलखात जाऊ. इंग्लंडातलं बर्मिंगहॅम. बंदुका, बटणं, खिळे, टाक, आणि बेड्या. आफ्रिकेतून माणसं उचलून जहाजांत भरायची तर बेड्या लागणारच, आणि त्या तिथल्या कारखान्यांतून जायच्या. हायट नावाची कंपनी तिथलीच, १७८० पासूनची. तिच्या बेड्या पुढं इंग्रजी राज्य जिथं जिथं गेलं तिथं तिथं गेल्या. १७८७ साली थॉमस क्लार्कसन नावाचा गुलामगिरीविरोधी गडी लिव्हरपूलला गेला आणि एका दुकानाच्या खिडकीत मांडलेल्या हातकड्या, पायातल्या बेड्या, अंगठे चिरडायचा स्क्रू असं सगळं त्यानं पैसे देऊन विकत घेतलं. लोकांना दाखवायला. भाषणात सांगून पटत नव्हतं, टेबलावर ठेवल्यावर पटलं. मला हा माणूस आवडला. पुरावा दुकानातच टांगलेला असतो, फक्त विकत घ्यायचं धाडस लागतं. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांना अर्पण केली, ते याच लढ्यातले. आणि त्यानंतर ९९ वर्षांनी मुंबईत पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन. बेडी जशी समुद्र ओलांडून आली तशी बेडीविरुद्धची भाषापण समुद्र ओलांडूनच आली.

त्या काळच्या इंग्रजी हातकडीला डार्बी म्हणत. इंग्रजी डी अक्षरासारखी, एकाच मापाची. आत स्प्रिंगवर बसलेला खिट्टा. दाबली की बसते. उघडायला किल्ली, पण ती आपल्या किल्लीसारखी फिरवून दात हलवणारी नाही. किल्लीला स्क्रूसारखे आटे असायचे, आत पिळत न्यायची, म्हंजे ती खिट्ट्याला मागं ओढायची. साधं, मजबूत, स्वस्त. पण दोन खोटी. एक, माप ठरलेलं. बारीक मनगटातून निसटायची, जाड मनगटाला चिमटायची. दुसरी, खिट्टा धरून ठेवणारं काय? तर एक स्प्रिंग. स्प्रिंगला धक्का समजतो, माणूस समजत नाही. हुदिनी नावाचा जादूगार यावरच जगला. त्यानं नंतर पुस्तकात लिहूनच टाकलं की काही बेड्या योग्य जागी आपटल्या तरी सुटतात. जगभर पोलीसठाण्यांत जाऊन तो म्हणायचा, घाला बेडी. १९०४ साली लंडनच्या एका वर्तमानपत्रानं त्याच्यासाठी बर्मिंगहॅमच्या एका लोहाराची पाच वर्षं खपून बनवलेली म्हणून एक खास बेडी आणली. त्यालाही तासाच्या वर लागलं, पण सुटला. लोकांनी खांद्यावर घेतला.

लोकांना सुटणारा माणूस बघायला आवडतो. तिकीट काढून आवडतो. फुकटात सुटला तर आरडाओरडा करतात.

या सगळ्यात एक गोष्ट मला सगळ्यात जास्त चावली, ती बेडीची नाही, कुलपाची आहे. १८१७ साली पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली. सरकारनं बक्षीस लावलं: स्वतःच्याच किल्लीनं उघडेल, दुसऱ्या कशानंही नाही, असं कुलूप करा. जेरेमाया चब नावाच्या लोहारानं १८१८ साली एक कुलूप केलं. त्यात पितळी पट्ट्या एकावर एक. प्रत्येक पट्टी किल्लीनं अगदी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलायची. जास्त उचलली, म्हंजे कुणी तारेनं खुडबूड केली, की एक खटका तिला तिथंच पकडून ठेवणार. मग धन्याची खरी किल्लीपण लागत नाही. धन्यानं आधी तो खटका सोडवायचा, मग किल्ली लावायची. म्हंजे कुलूप धन्याला सांगतं: तू नसताना इथं कुणीतरी हात घातला होता. कुलूप साक्षीदार झालं.

हे कुलूप परखायला कुणाला बोलावलं? त्याच बंदरात जुन्या जहाजांवर कैदी कोंडलेले होते. त्यांच्यातला एक जातिवंत कुलूपवाला. त्याला सांगितलं, हे उघड, तुला माफी, शिवाय चबकडून १०० पौंड. त्यानं दोन-तीन महिने डोकं घासलं आणि शेवटी हात टेकले. कैद्यानं हार मानली म्हणून कुलूप पास झालं. जगातल्या त्या वेळच्या उत्तम कुलपाला दाखला दिला तो एका कुलूपबंद माणसानं, आणि तो तसाच आत राहिला. कंपनी मोठी झाली. पुढं १८५१ साली हॉब्ज नावाच्या एका अमेरिकनानं लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी तेच कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवलं, आणि ब्रामा नावाचं दुसरं, ज्याला कुणी हात लावायला धजत नव्हतं, ते ५१ तासांत. पण हॉब्ज साहेब होता. त्याला माफी नको होती.

आपल्या गिरणगावातही कुलपाचा इतिहास आहे बरं का. लालबागला १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं करायला सुरुवात केली. माझा दुसरा आजा, आईचा बाप, लालबागलाच गिरणीत होता, १९८२ च्या संपापर्यंत. नंतर गिरणीच्या फाटकाला जे कुलूप लागलं ते कुठल्या कंपनीचं होतं ते त्यानं बघितलं नाही. बघायला कुणाला सवड होती.

आता पुन्हा बेडीकडे. डार्बीची मापाची खोट अमेरिकेत निघाली. ज्या १८६२ साली तिथं गुलामीवरून लढाई पेटलेली होती, त्याच साली अॅडम्स नावाच्या माणसानं दातेरी हातकडीचं पेटंट घेतलं. कड्याच्या वक्र दांड्याला दात, आत खटका. कुठलंही मनगट चालेल. पोराचं, बाईचं, हमालाचं. एका कारखान्यातून निघालेली एकच बेडी सगळ्या जगाला बसेल. लोखंडानं समता आणली ती अशी.

पण दात आले तसे दोन नवे धोके आले. पहिला कैद्याकडून: दाताच्या आणि खटक्याच्या मध्ये काही सरकवून खटका उचलला तर? दुसऱ्या धोक्याबद्दल आधी कुणी फार बोलत नव्हतं: दातेरी चक्र मागं येत नाही पण पुढं तर जातंच. म्हंजे बेडी उघडत नाही, पण आवळत राहते. न्यूयॉर्कच्या बाजूचा टॉवर नावाचा कारखानदार, त्यानं १८७९ साली याला उतारा काढला. दुहेरी कुलूप. खटक्याच्या पाठीवर आतून एक अडसर सरकवायचा. अडसर बसला की खटका उचललाच जात नाही. आणि खटका उचलला जात नाही म्हंजे दातावरून घसरतही नाही. बेडी मागंही नाही, पुढंही नाही. आहे तिथं थांबली.

हे नीट समजून घ्या, कारण माझा अंगठा यातच अडकलेला आहे. एकाच अडसरानं दोन कामं होतात. कैद्याला उघडता येत नाही आणि बेडीला आवळता येत नाही. छेडछाड कैद्याची असो की रस्त्यातल्या खड्ड्याची, कुलूप दोघांनाही नाही म्हणतं. १९१२ साली कार्नी नावाच्या माणसानं जो घाट काढला, दांडा आरपार फिरून पुन्हा येणारा, एका हातानं झटक्यात लावता येणारा, तोच पीअरलेस कंपनीनं बाजारात आणला आणि आज जगभर थोड्याफार फरकानं तोच चालतो. त्यातही दुहेरी कुलूप आहे. किल्लीच्या दुसऱ्या टोकाला बारीक टोचणी असते. ती बाजूच्या भोकात दाबायची, टक. झालं. उघडताना किल्ली आधी एका दिशेला फिरवून अडसर सोडवायचा, मग दुसऱ्या दिशेला फिरवून खटका.

माझ्या मनगटातली बेडी चकचकीत होती, नव्या घाटाची. भोक होतं. मी नंतर चित्रं बघून पडताळलं. टोचणी दाबायला तीन सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांची किंमत माझे अडीच महिने.

शिपायाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकतो. पण त्याला कुणी शिकवलं होतं का, हेही विचारलं पाहिजे. पट्ट्याला किल्ली दिली, किल्लीचं एक टोक शिकवलं, दुसरं नाही. आणि किल्लीचंही बघा: या बेड्यांपैकी बहुतेकींना एकाच नमुन्याची किल्ली लागते. मुद्दाम. एकानं घातलेली दुसऱ्याला काढता यावी, आग लागली, माणूस बेशुद्ध पडला, तर किल्ली शोधत बसायला नको. म्हंजे बेडीचं कुलूप तिजोरीइतकं पक्कं कुणी करत नाही, कारण तिला पहारा असतो, पाठीमागं बंदूक असते, कोर्ट असतं, भीती असते. लोखंड नुसतं निमित्त. वासुदेव बळवंत फडक्यांची गोष्ट आठवा. रामोश्यांना घेऊन उठलेला माणूस, एडनच्या तुरुंगात नेऊन टाकला. १८८३ साली त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि बाहेर पडले. कुलूप जागच्या जागी शाबूत होतं. थोड्याच अंतरावर पकडले, त्याच फेब्रुवारीत ते गेले. कुलपाच्या पुढं समुद्र होता.

आमची रत्नागिरी म्हंजे तर कैद्यांचं गाव. दोन नमुने सांगतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, १८८५ साली गादीवरून काढला, १८८६ ला रत्नागिरीत आणला. तीस वर्षं इथं राहिला, १९१६ ला इथंच मेला. त्याच्यासाठी १९१० साली समुद्राकडं तोंड केलेला राजवाडा बांधला. हातात बेडी नाही, पायात बेडी नाही. तनखा, नोकर, दारात पोलीस. कैदच होती, नाही कोण म्हणतं, पण मनगटं राजाची होती. दुसरे सावरकर. अंदमानातून आणल्यावर १९२१ साली त्यांना रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं आणि १९२४ ला सोडल्यावरही जिल्ह्याबाहेर जायची बंदी घातली. त्यांची खोली जपून ठेवली आहे, माणसं बघायला जातात. शाळेची सहल गेली होती तेव्हा मीपण बघितली. मास्तर गंभीर झाले होते. मी मात्र बाजूच्या खोल्यांकडं बघत होतो. त्यात कोण होते? कुणाचे दात मोजले?

कारण कैद्यांत पण वर्ग. हे मी मनचं सांगत नाही. पंजाब पोलीस रूल्स म्हणून इंग्रजी अमदानीतले नियम होते, दिल्लीत स्वातंत्र्यानंतरही चालत होते. त्यात कच्च्या कैद्यांचे दोन प्रकार: चांगल्या वर्गाचे आणि साधे. ज्याची समाजातली जागा, शिक्षण, राहणीमान वरचं तो चांगल्या वर्गाचा. त्याला गरज पडली तरच बेडी. बाकीच्यांना सरसकट. १८१६ च्या खोड्याला जात होती, या बेडीला वर्ग होता. शब्द बदलला, मनगट तेच राहिलं. तिहारमधल्या प्रेमशंकर शुक्ला नावाच्या कच्च्या कैद्यानं सुप्रीम कोर्टाला तार केली. नुसती तार. तीच अर्ज म्हणून धरली आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठानं निकाल दिला: पळून जाण्याचा खरोखर धोका असेल, दुसरा इलाजच नसेल, तरच बेडी, कारण लिहून ठेवायचं, मॅजिस्ट्रेटला दाखवायचं, आणि हा चांगला वर्ग-साधा वर्ग भेद बंद, तो घटनेच्या १४ व्या कलमात बसत नाही. १४ वं कलम कुणाच्या हातून आलं ते तुम्हाला सांगायला नको. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७८ साली, याच कोर्टानं सुनील बात्राच्या खटल्यात दंडाबेडीवर बोट ठेवलं होतं.

तार करणाऱ्या त्या माणसाबद्दल मी रात्रपाळीत पुष्कळ विचार केला. तारेला शब्दागणिक पैसे पडत. तो कवी असता तर एवढ्या थोड्यात सांगू शकला नसता.

निकाल झाले म्हणून लोखंड वितळत नाही. सोलापूरला एका कच्च्या कैद्याला बेडी घालून, दोरी बांधून पोलिसांनी रस्त्यातून मिरवलं. मुंबई हायकोर्टानं त्याला १०,००० रुपये भरपाई दिली. महाराष्ट्र राज्य विरुद्ध रविकांत पाटील या नावानं ते सुप्रीम कोर्टात गेलं. १९९१ साली तिथं भरपाई कायम झाली, पण पैसे राज्यानं भरायचे, अधिकाऱ्याच्या खिशातून नाही. आसामात टाडाखाली धरलेल्या माणसांना दवाखान्याच्या खाटेला बेडीनं बांधलेलं कुलदीप नय्यर यांनी बघितलं आणि कोर्टाला पत्र लिहिलं. १९९५ साली पुन्हा बजावलं: मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय बेडी नाही. पुन्हा बजावावं लागलं, यातच सगळं आलं.

आता नवा कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या ४३ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात बेडी पहिल्यांदा कायद्याच्या पोटात उघड शिरली. कुणाला घालता येते त्याची यादी आहे: खून, बलात्कार, दहशतवाद, अॅसिड हल्ला, कोठडीतून पळालेला, असे. वाचताना बरं वाटतं की यादी तरी आहे. पण यादीतला पहिला शब्द बघा. सराईत गुन्हेगार. सराईत कोण, हे कोण ठरवतो? १८७१ साली इंग्रजांनी अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीत सराईत गुन्हेगारांचे कायदे येऊन बसले. आमच्या पारधी भावांना विचारा, पाल ठोकल्यापासून किती दिवसांत माणूस सराईत होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तुरुंगातली जातवार कामं घटनाबाह्य ठरवली, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या अर्जावर. म्हंजे तोपर्यंत तुरुंगांच्या नियमपुस्तकांत झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीनं लिहिलेलं होतं. १९८० ला बेडीतला वर्ग गेला, झाडूतली जात निघायला आणखी ४४ वर्षं लागली.

आमच्यावर लावलेली कलमं मी त्या यादीशी ताडून बघितली. त्यात नाहीत. म्हंजे ती बेडी घालायलाच नको होती. टोचणी दाबली की नाही, ही पुढची गोष्ट.

आणि आता जे सांगायला हा सगळा फेरा मारला ते सांगतो. कोर्टात उभं केलं तेव्हा बेडी काढलेली होती. मॅजिस्ट्रेट बाईंनी मान वर करून विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? विचारावंच लागतं त्यांना. पण त्यांनी नीट विचारलं, थांबल्या, माझ्याकडं बघितलं. माझ्या मनगटावर दातांचा वळ होता, शर्टाची बाही वर केली असती तर दिसला असता. मागं तोच हवालदार. भावाचा जामीन व्हायचा होता. मी, ज्यानं तुमच्या याच अंकात ज्वालामुखीवर दोन कविता लिहिल्या, बाही खाली ओढली आणि म्हणालो, नाही मॅडम.

चबच्या कुलपात खटका होता. हात घातला की तो धन्याला कळवायचा. बेडीत असा खटका कुणी बसवलेला नाही, की जो सांगेल, मला इतके दात आवळलं, इतका वेळ, अडसर न लावता. दोनशे वर्षांत एवढी पेटंटं झाली, पण जो घालतो त्याच्याविरुद्ध साक्ष देणारी बेडी करायला कुणी बक्षीस लावलं नाही. तिथं साक्षीदार एकच असतो, मनगट. आणि मनगटाला बाही असते.

भावाला जामीन मिळाला. केस चालू आहे. वकीलसाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, तेव्हा का नाही बोललास? मी गप्प बसलो. मग ते म्हणाले, ठीक आहे, डॉक्टरणीचा कागद आहे ना? आहे. तारखेसह आहे. मग अर्ज करू. अर्ज त्यांनी टाइप केला, त्यात एक वाक्य मी घालायला लावलं, की बेडीचं दुहेरी कुलूप लावलेलं नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, हे कोर्टाला कळणार नाही. मी म्हणालो, कळवून देतो, मी मागाचा खटका बरोबर आणतो.

गिरणीच्या भंगारातून एक दातेरी चक्र आणि खटका फिटरचाचांकडून मागून घेतलाय. दोन दात झिजलेत, पण आवाज तोच आहे. पुढची तारीख आहे त्या दिवशी मी रजा टाकली आहे. बिनपगारी.